डाव्या हाताची करंगळी

खिडकी नंबर तीन, सरकारी दवाखाना, लातूर.
माझ्या शर्टावर छापलंय: आरोग्यमित्र.
मित्र मी तसा कुणाचाच नाही,
अकरा महिन्यांच्या करारावर आहे.

हाजराबी अंगठा ठेवतात.
यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा.
त्या पदराला पुसून पुन्हा ठेवतात.
बावीस वर्षं आडत बाजारात चिंच फोडली त्यांनी,
टरफल एकीकडं, शिरा एकीकडं, चिंचोके पोत्यात,
आणि आंबटानं गपचिप खाऊन टाकल्या
बोटांवरच्या सगळ्या रेघा.
अंगठा आहे. कुणाचा, ते त्यावर उरलं नाही.

काय होतंय, मी विचारलं होतं.
"पोटात कुणीतरी बसलंय, भाई. उठंना झालंय."
यादीत शोधलं. बसलेलं कुणी नव्हतं.
गाठ होती. गाठीपुढं कोड होता,
कोडापुढं रक्कम.

मागं रांगेत वाद पेटलेला.
निटुरे गुरुजी, पांढऱ्या कार्डाचे, हातात एक्स-रेचं पाकीट:
"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना मिळावं.
पाण्याची रेल्वे आली तव्हा विचारलं का कुणी,
तुमचं कार्ड पिवळं का केशरी?"
"इचारलं न्हाई," मागून एक बाई,
"पण टँकर आधी कुणाच्या गल्लीत गेलं
ते म्या बघितलंय."
हसले सगळे. गुरुजीही हसले,
मग खोकले, बराच वेळ.

"फुकट केलं की गर्दी व्हती,
गर्दी झाली की डॉक्टर तोंडाकडं बघत नाही,"
सलाईनची बाटली उंच धरलेला पोरगा म्हणाला.
"आता बघतोय व्हय?"
पोरगा गप्प. बाटली तेवढी हलली.

सोनटक्के सिस्टर भराभर जाता जाता:
"कार्डं पुरे झाली, माणसं द्या.
चाळीस खाटा आणि मी एक,"
आणि बाकीचं वाक्य
जिन्यावर घेऊन गेल्या.

बाहेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फ्लेक्स:
पोरापोरींचे फोटो, फोटोखाली मार्क.
आमचं गाव डॉक्टर घडवतं.
दरसाल भरून जातात, जशी चिंच जाते,
आणि चिंचेसारखंच
कुठं उतरतात, कुणाच्या ताटात,
फोडणारीला कळत नाही.

"तुम्ही सांगा," गुरुजी काचेपाशी वाकले,
"तुम्ही तर आतले."
आतला म्हणजे काचेच्या ह्या बाजूचा, एवढंच.
मी म्हणालो, सर्व्हर स्लो आहे.

उजवी तर्जनी. नाही.
मधलं बोट. नाही. अनामिका.
पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा.
हाजराबी ओशाळून रांगेकडं बघतात,
जणू रेघा त्यांनीच कुठंतरी हरवल्या,
बसमध्ये, नाहीतर बाजारात.
डावा अंगठा. नाही.
मग मी म्हणालो, करंगळी द्या.
डाव्या हाताची.

चिंच फोडताना ती वर उचलून धरायची सवय त्यांची,
लहानपणापासून, उगीच,
सासू चिडवायची म्हणे, नबाबाची लेक.
ठेवली.
हिरवा दिवा.

रांग क्षणभर वाद विसरली.
"जमलं!" कुणीतरी ओरडलं, सलाईनवाला असेल.
हाजराबी करंगळीकडं बघत राहिल्या,
निकाल लागलेल्या पोरीकडं बघावं तशा.
मी पावती दिली.
पावतीवर: विनंती पाठवली आहे.
मंजुरी म्हणजे अजून वरचा माणूस,
त्याला मीही कधी बघितलेला नाही.
हे सांगायचं होतं.
त्या तोवर बाकावर जाऊन बसल्या होत्या,
हात मांडीवर, करंगळी वरच.

पुढच्याच्या आधी काच पुसायची असते.
काचेवर बारीक तपकिरी डाग.
बोट लावलं, नाकाशी नेलं.
तोंडाला पाणी सुटलं.
डबा उघडायला दोन तास होते
आणि रांग गेटच्या बाहेर, फ्लेक्सच्या सावलीपर्यंत.

गुरुजींनी अंगठा पुढं केला.
काच पुसायची राहिली.