सात नंबरचा ब्रश

खानापुरात, स्टेशन रोडला, दुकानाच्या मागं
जिथं उतरवलेले बोर्ड एकावर एक पडलेत
तिथं एक मुंगूस राहतं.
वर पत्रा. पत्र्यावर अर्धी दूध डेअरी,
तिच्यावर दुसऱ्या लिपीत तीच डेअरी,
नियम बदलला तेव्हा रंगवलेली,
पुन्हा बदलला तेव्हा उतरवलेली.
खाली उकरलेली माती, उंदराची लव,
गोगलगायींचे फुटके शंख.

मी शिकायला राहिले तेव्हा सोळाची होते.
मोनाप्पामामा पहिल्या दिवशी म्हणाले,
ते कसं जातंय बघ आधी.
मग शिरोरेघ ओढायला ये.

ते चालत नाही. सांडतं.
नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रेघ,
मधे कुठं हात उचललेला नाही.
थांबलं की मात्र मागच्या दोन पायांवर उभं,
कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या माणसासारखं
या टेबलाकडं बघ, त्या टेबलाकडं बघ,
आणि काय पाहिजे असं कुणी विचारायच्या आत
गायब.

समोर अंडी विकणारी बसव्वा ओरडते,
मुंगुसी! नोड्री, मुंगुसी!
आम्ही म्हणतो मुंगूस.
दोन्ही हाकांना ते सारखंच येत नाही.
लहानपणी आम्ही रामाची शपथ घालायचो त्याला,
तोंड दाखव म्हणून.
ते शेपूट दाखवायचं.
तरी दिवस बरा जायचा.

सापाचा वैरी म्हणतात.
पाच वर्षांत मी साप एकदाच बघितला त्याच्या तोंडात,
तोही अर्धा.
एरवी खेकडे, नाकतोडे, सरडे,
गटाराकडची घूस.
नाव सापावर, पोट उंदरावर.
विष उतरायला कसली मुळी खातं ते,
विचारलं तर मामा हसले,
मुळी कुठली गं? एका जागी राहतंय काय ते?
विषाला बसायला जागा तर पाहिजे की नको?

एकदा बसव्वानं शिळं अंडं ठेवलं.
त्यानं हुंगलं, फिरवलं,
भिंतीकडं पाठ केली,
आणि पुढच्या पायांनी उचलून
मागच्या पायांमधून
भिरकावलं.
फट्.
भिंतीवर पिवळा ओघळ. खाली चाटणारी जीभ.
बसव्वा म्हणाली, एवढं अंग असून चावता येत नाही मेल्याला.
तिला एवढंच मराठी स्वच्छ येतं,
शिव्यांपुरतं.

आता ब्रशाचं सांगते.
सात नंबरचा. मामा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
टर्पेंटाइन, मग साबण, मग ओठांत धरून टोक.
केस राखी. नीट बघितलं तर
प्रत्येक केसावर एक पट्टा पिवळट, एक काळा,
पुन्हा एक पिवळट.
कशाचे हो, मी विचारलं.
मामांनी मागच्या दाराकडं बघितलं.
आता मिळत नाहीत. बंदी आहे. बरं झालं,
म्हणाले,
आणि नंदगडच्या नं-वर अनुस्वार टेकवला.
एकच टेकवणी, गोल,
कड कुठं फुटली नाही.
नायलॉनला असलं टिंब येत नाही, हे मला माहीत आहे.
माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मग फ्लेक्स आलं.
मशीन दोन्ही लिप्या एका दमात ओकतं.
मामा मागं स्टुलावर बसायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी,
त्यांनी ब्रश बिळाच्या तोंडाशी ठेवला
आणि मागं सरकले.
ते आलं. तांबडे डोळे. नाक पुढं.
हुंगलं,
आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत
एकेक केस उभा राहिला,
पिवळा काळा पिवळा,
होतं त्याच्या दुप्पट झालं,
शेपूट तर बाटली धुवायच्या ब्रशासारखी.
चावलं नाही. पळालं नाही.
किती वेळ, सांगता येत नाही मला.
मशीन आत चालू होतं.

मग वळलं, बूड टेकवलं ब्रशावर,
घासलं,
आपला वास लावला
आणि पत्र्याखाली गेलं.

मामांनी चष्मा काढला.
नाव घातलं बघ त्यानं, म्हणाले.

ब्रश तिथंच आहे.
दांडा वाळवीनं खाल्ला.