फांदीची उंची

चित्रफीत एकूण अडतीस सेकंदांची.
म्हणजे, मी तसं धरून चालले आहे.
किल्लीचा कॅमेरा. स्प्रिंग सैल पडत गेली
की सेकंदाच्या वाट्याला चौकटी कमी येतात
आणि पडद्यावर सगळेच पळू लागतात:
पंच, कुत्रं, सीमेपाशी छत्री घेतलेली बाई.
इझिकिएल गिटन्स वेगवान दिसतो
यात मग नवल ते काय.

मी ब्रिजटाउनला, भूमापन खात्यात.
लोकांच्या बांधांची भांडणं फुटाफुटाने मिटवते.
सेंट फिलिपमधल्या रमच्या दुकानातलं हे एक भांडण
सत्तर वर्षं मिटलेलं नाही.
एक म्हणतो, चेंडू दिसायचाच नाही.
दुसरा म्हणतो, दिसायचा की,
यष्ट्या गोळा करताना.
तिसरा डॉमिनोची सोंगटी आपटतो:
आताची पोरं? गिटन्सपुढे फिरकीवाली!

मी चौकटी मोजल्या. भिंगाखाली, एकेक.
हातातून सुटल्यापासून बॅटीपर्यंत, सात.
पण सात चौकटी म्हणजे किती वेळ
हे सांगायला फितीत घड्याळ कुठे होतं?

होतं. डाव्या कोपऱ्यात, मैदानाबाहेर
झाडावरून एक नीरफणस खाली येतो.
चौदा चौकटी.
फणस कुणाच्या बाजूचा नसतो.
चोपन्न साली तो जसा पडला
तसाच आजही पडेल.
फांदी किती उंच होती एवढं कळलं
की गिटन्सचा वेग माझ्या वहीत.

झाड पंचावन्नच्या वादळात गेलं.

दुकानात विचारलं. वीस फूट, म्हणाले.
वीस कसली, पंचवीस!
सगळ्यांच्या लहानपणीचं झाड ते.
मी बिअरच्या खोक्यावर हिशेब मांडून दाखवला:
फांदी जितकी वर, तितका फणस जास्त वेळ हवेत,
तितक्या चौकटी सावकाश,
तितका गिटन्स मंद.
वीस फूट धरले तर ताशी एकाहत्तर मैल.

पंखा तेवढा फिरत राहिला.
मग मकॉलिनने घसा खाकरला,
तसं झाड बुटकंच होतं म्हणा.
सोळा फुटांवर एकोणऐंशी.
बारावर एक्क्याण्णव.
दिवे लागेतो फांदी नऊ फुटांवर आली होती,
अजून एक बाटली फुटती
तर फणस भुईतच लागला असता,
भुईमुगासारखा.

फिट्झ यिअरवूड यात पडला नाही.
तो यष्टीरक्षक. करंगळी अजून आडवी निघते त्याची,
गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन वळावा तशी.
मला म्हणाला, मी बावीस पावलं मागे उभा राहायचो.
मी वही काढली.
लिहू नकोस, म्हणाला,
माझी पावलं तेव्हा लांब पडायची.

शेवटी आयोनी ब्रूम्स.
वय ऐंशी. अंगणात शेंगा सोलत बसलेली.
झाडावर मीच होते, म्हणाली,
आईला सांगू नकोस.
मी विचारलं, फणस सोडलास की फेकलास?
कारण फेकला असेल तर सगळा हिशेब पाण्यात.
तिने बराच वेळ शेंग धरून ठेवली.
सोडला नाही. फेकलाही नाही.
फिट्झच्या हातमोज्यात तो आवाज झाला
आणि माझे हात उघडले.

हे लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

आणि किती उंचावर होतीस?
ती उठली. काठी वर धरली.
इथे. नाही, जरा खाली.
नाही गं, तिथून मला उसावरून
रॅगेड पॉइंटचं दीपगृह दिसायचं.
माझ्या पोटात लख्ख झालं: दृष्टिरेषा!
दीपगृह जागेवर आहे, जमीनही जागेवर,
त्या टेकाडाचे नकाशे माझ्याच कपाटात.
राहिला एवढा एक ऊस.
तो त्या वर्षी, मी विचारलं, केवढा वाढला होता?

पुष्कळ, ती म्हणाली,
आणि पुढची शेंग उचलली.