टेगवेनची वाट

पुलाखालची नदी चहाच्या रंगाची, बिनदुधाच्या.
"वरच्या दलदलीतून येते," टेगवेन म्हणते
आणि काठीचं टोक पाण्यात फिरवते,
साखर विरघळली का ते पाहावं तसं.

एकतीस वर्षं तिने या खोऱ्यात टपाल वाटलं.
आता ते मी वाटतो, गाडीतून.
आज रविवार. पिशवीत दोन सफरचंदं,
गुडघ्याचा पट्टा, पेरोसाठी पावाची कड.
तरी तिचा डावा खांदा खाली कललेलाच.

वाट म्हणजे मेंढरांनी कधीतरी ठरवलेलं काहीतरी.
नेच्यांमधून जाते (त्यांच्या मुठी अजून उघडायच्यात),
मग दगडी गडग्यावर चढते, उतरते,
आणि अचानक छातीवरच येते.
मला धाप लागते. ती घरं सांगते.
ते छप्पर नसलेलं योर्वर्थचं, त्याला फक्त बिलं यायची.
ते खालचं नेस्ताचं. दर नाताळला कॅनडाहून एक कार्ड.
उंबऱ्यातच फोडायची, उभ्या उभ्या,
आणि मला थांबवून ठेवायची.
"का?"
"कुणी बघायला नको?"

खाली रस्ता दिसतो, माझा.
तिच्या साडेचार तासांची
माझी वीस मिनिटं होतात, पाऊस धरून.
नेस्ताच्या दारात आता कोण राहतं, मला माहीत नाही.
पत्रपेटी फाटकावरच आहे.

धारेवर टिटवी अंगावर येते, किंचाळत.
"अंडी असतील. उजवीकडून चल."
एका पाखराच्या शब्दाखातर
आम्ही चिखलातून मोठा वळसा घेतो.
माझा बूट भरतो. ती हसत नाही, पण जवळजवळ.

मग ते फाटक.
दोन्ही बाजूंचा गडगा केव्हाच ढासळलेला,
तार नाही, खांब नाहीत,
उघड्या माळावर एकटं लोखंडी फाटक,
शेजारून आख्खा कळप जाईल.
मी शेजारूनच जातो.

टेगवेन थांबते. साखळी काढते.
बिजागरी कुरकुरते, ती आत येते
(आत म्हणजे कुठे, मी विचारत नाही),
वळून साखळी पुन्हा अडकवते,
एकदा ओढून बघते.

"पेरो राहिला," मी म्हणतो.

तो पलीकडे बसलाय, कान टवकारून,
सगळा माळ मोकळा असताना
फाटकाकडे बघत.
मी चार पावलं मागे जातो
आणि साखळीला हात घालतो.
गार आहे. वाटलं होतं त्याहून जड.