शाई

आयर्विनचे फूट मोजणं लोकांनी सोडलं होतं
त्या रात्री विश्रामबागेतल्या आमच्या शाळेत
साडेतीनशे माणसं,
आणि टेम्पोतून उतरल्या दोनशे दहा चादरी.

आवटी म्हणाले, बोटाला शाई लावा.
तेहतीस वर्षं बँकेत कॅशियर. एकदा अकराशे कमी पडले,
ते कुणी नेले हे कळलंच नाही,
म्हणून सगळ्यांनीच नेले.
"माणूस वाईट नसतो हो,
पण फिरून रांगेत येतो."

जैतुनबी तांबोळी गठ्ठ्याची सुतळी सोडत होत्या.
"येऊ द्या की.
दुसरी मागायला कुणाला हौस असतीय?
घरात म्हातारं असंल, न्हाईतर ओलं बाळ."
मागच्या पुरात त्यांना पत्र्यावरून उतरवणारा
नाव न सांगता निघून गेला होता.

खडूच्या डब्यात निळा मार्कर सापडला.
दोन रांगा झाल्या.
बघता बघता माणसं जैतुनबींच्या रांगेकडं सरकली.
आवटींना जे कळायचं ते कळलं,
जैतुनबींना निराळंच.

पहाटे एक निळ्या बोटाचा पोरगा
अंगावरची चादर काढून
कुठल्याशा बाईच्या पायांवर टाकत होता.
कोपऱ्यात एक गृहस्थ
चार चादरी उशाला घेऊन घोरत होते.
पुरावे दोघांनाही मिळाले.
पुराव्यांचा तुटवडा सांगलीत कधी नव्हता.

मग निवडणूक आली, त्याच शाळेत,
सातवी ब मध्ये.
आवटींना हवा होता वचक ठेवणारा,
जैतुनबींना, दारात आलेल्याला कागद न मागणारा.
दोघं एकाच रिक्षातून आले,
भाड्यावरून मात्र दोघं मिळून रिक्षावाल्याशी भांडले.
जाहीरनामा कुणीच वाचला नव्हता.
ती रांग तेवढी आठवत होती.

आणि मी, शाळेचा क्लार्क.
त्या रात्री रजिस्टर माझ्याकडं होतं.
लिहिणाऱ्याचं बोट कोण बघतंय?
टेबलाखाली दोन चादरी, नोंद नसलेल्या:
एक आईसाठी.
दुसरी कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही,
कपाटात आहे, घडी न मोडलेली.

आवटींना सांगितलं तर म्हणतील, बघा.
जैतुनबीही म्हणतील, बघा.
म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

"बोट पुढं करा," टेबलामागची बाई म्हणाली.
केलं.
तसा उशीरच झाला होता.