पाठीची फळी

कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली
आणि त्याचं जाळीचं कपाट
दस्तगीरमामांच्या वखारीत येऊन उभं राहिलं.
एक पाय आखूड, जाळी फाटलेली,
अंगावर पोलीसचौकीचा हिरवा रंग.
मी तीन शनिवार त्याच्या पुढ्यातून गेले
न बघितल्यासारखी.
बघितलं की मामा भाव वाढवतात.

चौथ्या शनिवारी विचारलं, एष्टु री?
मामा म्हणाले, नऊशे.
मी म्हटलं, लंगडं आहे, तुम्हीच मला दोनशे द्या, नेते.
घासाघीस कन्नडात, रुसणं हिंदीत,
आणि रुमालातले पैसे मोजले ते मराठीत,
मनात, दोनदा.
साडेपाचशे.
वर एक किल्ली हरवलेलं कुलूप मागून घेतलं.
कशाला, ते मलाही माहीत नव्हतं.

अनगोळात आमची दीड खोली.
भरमा उद्यमबागेतनं पाळी संपवून आला,
अंगाला ओतकामाच्या वाळूचा वास,
आणि दारातच थबकला.
"हे काय उचलून आणलीस?
हप्त्यावर नवं घेतलो असतो की."
मी बोलले नाही.
हप्ता म्हणजे काय ते मिक्सरनं शिकवलंय मला,
अठरा महिने.
भांडं फुटलं तरी तो चालूच होता.

मग वाळवीच्या भोकाभोकांत कडुनिंबाचं तेल,
मलूच्या औषधाच्या सिरिंजनं, थेंब थेंब.
भुसा मौनेश बडिगेराकडून फुकट,
फेविकॉलात कालवून भेगांत लिंपला.
बिजागऱ्या रात्रभर चिंचेत.
सकाळी ती चिंच टाकवेना,
तिनंच देवाचा तांब्या उजळला.
ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस,
बोटाची कातडी आणि कागद
यांतलं आधी कोण झिजतं, बघत.

हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गेरू.
पाठीची फळी मात्र
कुणी दुसरीकडचीच आणून ठोकलेली.
तिच्यावर घासता घासता एक गोल अक्षर वर आलं,
मग आणखी एक, वाटाण्यासारखी गोल गोल.
"आई, थांब की!"
मलू कन्नड शाळेत सहावीला.
बोट ठेवून वाचलं तिनं: हिट्टिन गिरणी.
आणि जिथं माझा हात जास्त चालला होता
तिथं त्या गोलांच्या खाली
एक आडवी रेघ, रेघेला लटकलेली अक्षरं.
ती मी वाचली: पिठाची गिरणी.

गिरणीवर गिरणी.
दोन रंगारी, मधे किती वर्षं कोण जाणे,
आणि शब्द पडला तो त्याच जागी.
जातं काही बदललं नसेल.

शेजारचे सुबराव काका आले, चष्मा पुसत म्हणाले,
वरचं सगळं खरवडून काढ पोरी.
शांतव्वा आली, म्हणाली, चांगलं दिसतंय वरचं,
खालचं कशाला उकरतेस?
मी दोघांना चहा दिला.
एकाच पाकिटातली बिस्किटं, बशीत सहा.
तेवढ्यात कागद संपला.
नवा बारा रुपयांचा.
होतं तसंच ठेवून
जवसाच्या तेलाचा हात फिरवला फळीवर.

रविवारी भरमानं जेवणाच्या डब्यातनं
फडक्यात गुंडाळलेली मूठ काढली, बिडाची.
"रिजेक्ट माल," म्हणाला, आणि लगेच अंघोळीला गेला.
रिजेक्ट मालाला कुणी
इतकी कानस मारत नाही.

आता त्या फळीला टेकून पिठाचा डबा.
जाळीला जुन्या मच्छरदाणीची दुहेरी घडी,
आखूड पायाखाली मामांचं कुलूप,
अगदी मापाचं नाही, जवळपास.
दळण आणलं की कपाट घट्ट उभं राहतं.
महिनाअखेरीला
जरा डुलायला लागतं.