एका बोल्टाखाली

मंदालगोवी, उणे चौतीस.
लुव्सानदोर्जची करडी फुर्गोन
कुणाच्या तरी ट्रकमागे दोरानं बांधून आलेली.
बॅटरी मात्र त्याच्या कुशीत,
नमद्यात गुंडाळलेली, अशक्त करडू आणावं तशी.
"रात्रभर चुलीशी ठेवली होती," म्हणतो,
"तरी उतरली."

उतरणारच.
सीटखालचं झाकण उचलते, टॉर्च दातांत धरते.
प्लसच्या एकाच बोल्टाखाली
अकरा वायरी.
दोनदा मोजल्या.

ही कसली?
"मागच्या हीटरचा पंखा. बाया कुरकुरायच्या."
ही?
"रेडिओ."
ही जाडी?
"टपावरचे दिवे. सहा होते, आता चार."
ही?
"फोनला."
ही पण?
"तीही फोनलाच. प्रवाशांच्या."
हिच्यावर टेपचे सात थर,
डिंक थंडीनं मेलेला, बोट लावलं की पापडासारखा मोडतो.
"हॉर्न. शेळ्यांसाठी वेगळा."
अकरा जणांनी आकडा टाकलाय एका खांबावर
आणि फ्यूज?
फ्यूज म्हणे सिगारेटच्या पाकिटाची चांदी.

गाडी झोपते, लुव्सानदोर्ज,
हे झोपत नाहीत.
घोटघोट पीत राहतात रात्रभर.
आणि इकडे बघ, मायनसची तार चासीला टेकते तिथं
रंग, गंज, गेल्या सालच्या चिखलाचा पापुद्रा.
इथं अर्थच लागत नाही,
म्हणून दिवे मिणमिणतात, हॉर्न घोगरतो
आणि तू शिव्या देतोस बॅटरीला.

दीड दिवस लागला.
पत्रा घासून लखलखीत केला, बोल्ट नवा घातला.
मोडीत निघालेल्या जपानी बसचा फ्यूजबॉक्स होता माझ्याकडे,
आठ घरांचा, एक घर फुटकं.
प्रत्येक वायरीला नवी थिंबल;
हातमोजे घालून थिंबल दाबता येत नाही
आणि काढले तर बोटं पकडीला चिकटतात.
मध्ये मध्ये चहा. मिठाचा, लोणी घालून.
तेमूलेन शाळेतून आला, त्याला बसवलं चिठ्ठ्या लिहायला:
पंखा. रेडिओ. दिवे. फोन. फोन.
शेळ्या.
हॉर्न लिही रे, म्हटलं. तो हसला. राहू दिलं.

एक वायर उरली. लाल, बारीक,
छतातून मागे गेलेली, शेवटच्या बाकापाशी
नुसतीच लोंबणारी. टोकाला काही नाही.
"तिथं दिवा होता," म्हणाला. "छोटा.
सेवजिदला अंधारात ओकारी यायची.
डॉक्टरकडे नेताना लावलेला."
आता ती कुठं आहे, मी विचारलं नाही.
"असू दे ना ती वायर. काय पिते?"
पिण्याचा प्रश्न नाही.
जिवंत वायर, उघडं टोक, शेजारी पेट्रोलचे कॅन.
मी कापली.
तो बाहेर जाऊन उभा राहिला, वाऱ्याकडे पाठ करून,
बराच वेळ.

मग किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन.
दिव्यांनी समोरची कुंपणं, कुत्रा, कोळशाचा ढीग
सगळं एकदम पांढरं केलं.
त्यानं निम्मे पैसे दिले. निम्मे लोकर विकल्यावर, म्हणाला.
आभार मानले नाहीत. मलाही सुचलं नाही काही.

वैशाखात आला परत,
पोतंभर वाळवलेलं दही, उरलेले पैसे, मोजून.
गाडी छान चालते म्हणे, फक्त एकदा बघ जरा.
झाकण उचललं.
फ्यूजबॉक्स जागच्या जागी, चिठ्ठ्या जशाच्या तशा, "शेळ्या" सुद्धा.
आणि प्लसच्या बोल्टाखाली, नट सैल करून सरकवलेली,
एक नवी निळी वायर.

ही कसली, मी विचारते.
तो आरशाला बांधलेला निळा खदग नीट करत बसतो,
जणू ऐकूच आलं नाही.