पाट्या

नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतात.
देशाचं नाक म्हणजे राजधानी.
कुवेत तर नुसतं नाकच,
मागे उरते वाळू, वाळूखाली तेल.

गुरुवारी पहाटे त्यांनी नाक दाबलं.
आधी रेडिओ, मग विमानतळ, मग बँक,
मग टेलिफोन एक्स्चेंज.
नऊ वाजता मी चिपळूणला फोन लावला
तर रिसीव्हरमध्ये नुसता समुद्र वाजत होता.
दुपारी सफात चौकात रणगाडे
सावली शोधून उभे,
गिऱ्हाईक नसलेल्या टॅक्सींसारखे.

मी खातू. नगरपालिकेच्या नकाशाखात्यात ड्राफ्ट्समन.
अकरा वर्षं या शहराचे रिंगरोड काढले,
अर्ध्या कापलेल्या कांद्यासारखे एकात एक,
कापलेली बाजू समुद्राकडे.
बारीक निबाचं पेन, अमोनियाचा वास,
उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी माझी सही.
खरं सांगायचं तर पाट्या टाकल्या.
पगार, बँकेचा ड्राफ्ट, आणि
अजून एकच वर्ष, मग परत.

शाळेत वाचलं होतं, रायगड पडला
तेव्हा राज्य जिंजीला गेलं,
राजधानी वेष पालटून, घोड्यावरून.
हे राज्य मोटारीतून गेलं सीमेपलीकडे,
डोंगरातल्या कुठल्याशा हॉटेलात उतरलं.
मागे राहिले बेकरीवाले, केरळच्या नर्सा,
घर सोडायला साफ नकार देणाऱ्या शेजारच्या मुनीराबाई,
आणि आमचा हेड ड्राफ्ट्समन नबील,
ज्याचं गाव हैफा, आणि ज्यानं हैफा पाहिलेलं नाही.

नबील म्हणाला,
शहर घेतलं म्हणजे त्यांनी काय घेतलं?
इमारती? त्या काय, कुणाच्याही होतात.
त्यांच्याकडे याद्या आहेत.
यादीत नाव, नावापुढे पत्ता.
आता पत्ता काढून घे.
बघ, नाव कसं हवेत लोंबकळतं.

त्या रात्री रुमैथियात, चौथ्या गटात,
मुनीराबाईंच्या मिशारीनं शिडी आणली.
सोळा वर्षांचा. मिसरूडही धड नाही.
काका, ही गल्ली तुम्हीच काढलीत ना?
हो म्हणालो.
मराठीत काढणं म्हणजे रेखाटणं,
आणि काढणं म्हणजे उतरवणंही,
हे त्याला अरबीत कसं सांगणार?
शिडी धरायला दुसरं कुणी नव्हतं,
म्हणून मी वर चढलो. तो खाली धरून.
निळी पाटी, चार स्क्रू, वाळूनं गच्च जाम.
जन्मात पहिल्यांदा मी
पाट्या टाकल्या नाहीत.

सकाळपर्यंत घरांचे नंबरही गेले.
सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसू लागल्या,
जुळ्या भावांनी वर्गात जागा बदलाव्यात तशा.

तिसऱ्या दिवशी जीप थांबली.
आतला शिपाई मिशारीहून फार तर
तीन वर्षांनी मोठा,
ओठ फुटलेले, अंगठ्यावर पाव गुंडाळलेला कागद
(पाव संपला होता, कागद टाकवत नव्हता).
त्यानं नकाशा उघडला.
उजव्या कोपऱ्यात
मुंगी.

वेन? त्यानं विचारलं. बोट रस्ता बत्तीसवर.
रस्ता बत्तीसवरच उभे होतो आम्ही दोघं.
त्याच्या बोटाखालची रेघ मी दोनदा खोडून
तिसऱ्यांदा काढली होती,
मधे एक खजुराचं झाड येत होतं म्हणून.
झाड त्याच्या मागेच होतं.

मा अद्री, म्हणालो. ठाऊक नाही.
तोंड उघडलं, उघडलंच की.
पण त्यातून पत्ता पडला नाही.
त्यानं पाणी मागितलं. दिलं.
दोन पेले प्याला, आणि भलत्या दिशेला गेला.

ऑक्टोबरात मी निघालो, बसनं, बगदादवरून,
मग अम्मान, मग तंबू, मग विमान.
पाटी मिशारीनं माडीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवली होती.
नंतर ती परत लावली का, त्यानंच लावली का,
तो लावायला उरला का,
पत्र टाकून विचारावं, तर पत्ता काय घालू?

चार स्क्रू चुकून माझ्या खिशात राहिले.
फिल्मच्या डबीत आहेत. मुलगी मागत होती
आरशासाठी. नाही दिले.